करंगळीचं काम

ॲन आर्बर, अमेरिका, १४ सप्टेंबर

प्रिय भावना,

सप्रेम जयभीम. परवा फोनवर तू म्हणालीस, बाबांनी त्यांच्या चारही वह्या रद्दीत काढून ठेवल्यात, आता डोळ्यांनी दिसत नाही तर ठेवून काय करायच्या म्हणून. मी नातीला, अतुलच्या केयाला, दूध पाजायचं निमित्त काढलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही टाइप करून. निवृत्त होताना आता मशीनला हात लावणार नाही म्हणणारी तुझी आई पुन्हा कामाला लागली आहे, ते आधी ऐकून घे.

अतुलच्या शेजारी दोइनाबाई राहतात. रोमानियाच्या, वय अठ्ठ्याहत्तर. आम्हा दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे छान जमतं. त्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, मागे हाताने लिहिलेल्या आठवणींची जाड वही ठेवून. मुलांना ते अक्षर लागत नाही. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं टायपिंग केलं, असं मी बोलून गेले, तर दुसऱ्या दिवशी बाई वही घेऊन दारात. मला तुमची भाषा येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, टायपिस्टला भाषा कशाला, नजर पाहिजे. ते खरंच. साहेबांच्या टिपण्या तरी मला कुठे कळायच्या.

त्यांच्या काही अक्षरांच्या डोक्यावर टोपी, काहींच्या पायाशी स्वल्पविराम. मी जुन्या टाइपरायटरच्या सवयीने एस मारला आणि त्याच्याखाली स्वल्पविराम ठोकायला मागे सरकायचं बटण दाबलं, तर एसच गायब. मग कॉम्प्युटरमधल्या यादीतून एकेक अक्षर शोधून टाकलं. तीस पानं झाल्यावर बाईंनी भिंग लावून पाहिलं आणि हसत सुटल्या. मी निवडलेल्या एसला खाली चिकटलेला गळासारखा आकडा होता, त्यांचा स्वल्पविराम सुटा असतो. मला रडूच आलं. अतुलने ती सगळी अक्षरं एकदम बदलून दिली आणि रोमानियन कीबोर्ड बसवला. त्यात पाचही खास अक्षरं उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. करंगळी दुखते, पण शिकली. सहासष्टाव्या वर्षी बोटं नवीन काही शिकतात, याचा मला फार आनंद झाला.

मागच्या मंगळवारी मात्र एका शब्दावर अडलो. तीन अक्षरं दिसतात, पुढे नुसती रेघ. गावाचं नाव असेल, नाहीतर माणसाचं. दोघींनी भिंगातून पाहून पाहून डोळे दुखवून घेतले. शेवटी बाई म्हणाल्या, नवरा होता तेव्हा विचारलं असतं, तर एका मिनिटाचं काम होतं. मी तिथे जागा मोकळी सोडली.

तू लहान होतीस तेव्हाची गोष्ट. बाबांनी पहिली वही माझ्यापुढे धरली होती, रविवारी थोडं थोडं टाइप करून देशील का म्हणून. मी दिवसभराची वैतागलेली. टायपिस्ट मी ऑफिसात आहे, घरी नाही, असं फाडकन बोलले. त्यांनी वही मिटली आणि पुन्हा कधी विचारलं नाही. लिहीत मात्र राहिले, कारखान्यातून आल्यावर, चहा निवून जाईपर्यंत. त्यांची वस्ती, रात्रशाळा, त्यांची आई, सगळं त्यात असेल. मी एक पानही वाचलेलं नाही, आणि मला त्याची लाज वाटते.

आता पुढचं बाबांना मोठ्याने वाचून दाखव. अहो, त्या वह्या रद्दीतून काढा. तुमचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मला एकटीला लागायचं नाही. भावना रोज चार पानांचे फोटो पाठवेल. माझ्या सकाळी, तुमच्या संध्याकाळच्या चहाला मी फोन करीन. शब्द अडला की मागचंपुढचं वाचून दाखवीन, तुम्ही आठवून सांगायचं. ऑक्टोबरात परत येईन तेव्हा पहिली वही टाइप झालेली असेल. पहिलं पान आजच पाठवा.

भावना, तुझीच आई,
आणि अहो, तुमची, आता घरीही टायपिस्ट,
कमला