फाइलवरचे सात पालक

मयूर विहार, दिल्ली
६ सप्टेंबर

ती. स्व. सुरेखाआत्यास,

उत्तराचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत आणि काका आता काठीशिवाय चालतात का, ते कळव. इकडे आम्ही तिघंही ठीक आहोत. धवलची सहामाही जवळ आली आहे आणि सुखदाचा पुढचा एक दात पडला. आई जाऊन परवा पाच महिने झाले. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर मी हॅलो म्हटलं की तुला रडू येतं, मग मी तुझी समजूत घालते आणि सांगायचं ते राहून जातं. (मला त्याचं काही वाटत नाही. पण असं तीनदा झालं.)

आईवडील दोघंही नाहीत आणि थोरलं भावंडच घर चालवतं, अशा घरांना सरकारकडून दरमहा मदत मिळते, हे वरच्या मजल्यावरच्या चेतनामावशींनी शोधून काढलं. मला अठरा पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत, म्हणून तोवरच्या देखरेखीसाठी त्यांनी सहीसुद्धा केली. मदत मिळाली तर आम्ही तिघं याच घरात राहू. नाही मिळाली तर धवल मुलांच्या बालगृहात आणि सुखदा मुलींच्या. दोन्हींच्या मध्ये मेट्रो दोनदा बदलावी लागते. (मी नकाशात पाहून ठेवलं आहे.)

अर्जानंतर ऑफिसमधून एक मॅडम घर बघायला येणार होत्या. आपल्याकडे कुणी येणार म्हटलं की काय होतं, ते तुला माहीतच आहे. चेतनामावशींनी त्यांचे नवे पडदे आमच्या खिडकीला लावले. महाराष्ट्र मंडळाच्या अण्णासाहेबांनी स्वतःच्या घरच्या दोन खुर्च्या आणि पितळी फुलदाणी पाठवली आणि मागोमाग स्वतःही आले. मी पोहे केले, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. (आई असती तर तिने शिराही केला असता, म्हणून मी तोही केला.) गरजू दिसायचं असतं हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. मॅडमनी दोनदा पोहे घेतले, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे बेटा, तुम लोग तो हमसे भी अच्छे से रहते हो." यावर मी काही बोलणार, तोच अण्णासाहेब छाती पुढे काढून म्हणाले, "बिल्कुल! हम किसी चीज़ की कमी नहीं पड़ने देते." मॅडमनी ते लिहून घेतलं. अण्णासाहेबांनी त्यांना आपल्या नावाचं स्पेलिंगही सांगितलं.

तरी एवढ्याने बिघडलं नसतं. अर्जात 'सांभाळायला तयार असलेले नातेवाईक' असा एक रकाना होता. मी तिथे 'कोणी नाही' लिहिलं होतं. ते वाचून चेतनामावशींना फार वाईट वाटलं. "अगं, असं कसं लिहितेस? एवढा मोठा गोतावळा तुमचा! वाचणारा काय म्हणेल, यार?" मलाही ते बरं दिसेना. मग मी आईच्या तेराव्याला "आम्ही आहोत ना" म्हणालेल्या सगळ्यांची नावं आणि नंबर लिहिले. सात झाले. मॅडमनी आमच्यासमोरच, स्पीकर लावून, एकेकाला फोन केला. सरकारी बाई दिल्लीहून विचारते आहे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? नाशिकचे अशोककाका म्हणाले, "ले ही जाने वाले हैं, बस दिवाली के बाद." (कुठल्या दिवाळीनंतर ते बोलले नाहीत.) तू तर म्हणालीस, "तीनों मेरे बच्चे हैं, मैडम. मैं मर जाऊँगी, पर इनको पराया नहीं होने दूँगी." मॅडमनी डोळे पुसले. आणि म्हणाल्या, "सात-सात घर! ऐसे नसीब वाले बच्चे मैंने नहीं देखे." मग त्यांनी फाइल बंद करण्याची शिफारस लिहिली.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. तिथले बाबू सज्जन आहेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं: नातेवाईक तयार आहेत, तर त्यांनी महिनाभरात मुलांना घेऊन जावं. नेलं नाही, तर धाकटी दोघं बालगृहात. मी सांगितलं, आमच्याकडे असं म्हणायची पद्धत आहे. ते म्हणाले, पद्धतीसाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

तेव्हा आमची काळजी करू नकोस. २४ तारखेला बालकल्याण समितीपुढे सुनावणी आहे, ते बघतील. काकांना नमस्कार सांग. औषधं वेळेवर घ्या.

तुझी,
उत्तरा

ता. क. बाबूंनी एक मार्ग सांगितला आहे. सगळ्यात जवळच्या नातेवाइकाने, म्हणजे बाबांची सख्खी बहीण म्हणून तू, 'मी या मुलांना सांभाळू शकत नाही' असं लिहून खाली सही केली, तर फाइल पुन्हा उघडेल. सही शाईची हवी, फोटो चालत नाही. तुमच्या दोन खोल्या आणि काकांचं आजारपण, एवढं खरंखुरं लिहिलंस तरी पुरे. कोरा कागद आणि ऑफिसचा पत्ता घातलेलं पाकीट सोबत ठेवलं आहे. २० तारखेच्या आत पोचायला हवं. असं लिहिण्यात कमीपणा नाही. बाबू म्हणाले, नऊ वर्षांत असा कागद कुणी दिला नाही, म्हणूनच मुलं अडकतात.

ता. क. २. सुखदाने विचारलं, आत्या खरंच नाही म्हणणार का? मी सांगितलं, ते फक्त ऑफिससाठी. तिला पटलेलं दिसत नाही. म्हणून सोबत आणखी एक पाकीट ठेवलं आहे, त्यावर आमचा पत्ता आहे. त्यात काय लिहायचं ते तुझं तू ठरव. आणि खरंच नाही असेल, तर फक्त पहिलं पाकीट पाठव. मी तिला सांगेन, दुसरं पोस्टात हरवलं.