लाल धाग्याची कात्री

माय, तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली, की तुझ्याबद्दल खोटं लिहिलं तरी पकडणारं कोणी उरलेलं नाही. तरी खरंच लिहिते. खोटं लिहायला मला एरवी भरपूर माणसं आहेत.

आपला भाग मुंबई राज्यात गेला तेव्हा यवतमाळात बाकी काही बदललं नाही, फक्त साहेब बदलले. साहेबांबरोबर त्यांच्या बायका आल्या आणि बायकांबरोबर त्यांचे कुत्रे. आपल्याकडचे कुत्रे लागतील तेवढेच केस अंगावर ठेवून होते. त्यांच्यातला एक मात्र पांढरा, झुपकेदार, तोंड कुठलं आणि शेपूट कुठली ते चालायला लागल्यावरच कळणारा. ऐन उन्हाळ्यात एका इंजिनिअरची बायको त्याला काखेत घेऊन बाबांच्या केस कापायच्या दुकानाच्या पायरीशी उभी राहिली. गुरांच्या दवाखान्यानं तिला सांगितलं होतं, आम्ही बैल बघतो, केसांचं न्हाव्याला विचारा. बाबांनी हात जोडले. ‘बाईसाहेब, इथं माणसं बसते.’

रात्री जेवताना बाबांनी हे आम्हाला हसवायला सांगितलं. मी हसले. तू भाकरी थापत होतीस, तुझा हात थांबला. ‘मंग त्या जनावरानं उन्हाळा कसा काढावा?’

‘त्याचं त्यानं पाहावं,’ बाबा म्हणाले.

‘त्याले कात्री धरता येते काय?’

आपल्या घरात कात्री पुरुषांची होती. बायकांनी बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायचं, पाहुण्यांना जेवू घालायचं, आणि दुकानाच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही. पण परसात पाय ठेवायला कोणाची बंदी होती? दुसऱ्या दिवसापासून तू कामाला लागलीस, आणि मला अजून ते जसंच्या तसं दिसतं. मोडक्या बाजेचे खूर विटांवर चढतात, कारण तुला वाकून कंबर मोडून घ्यायची नाही. वर फळी येते, फळीवर जिनिंगमधून टाकून दिलेलं तरट, म्हणजे ओल्या पायांची नखं घसरणार नाहीत. घासलेटच्या डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पडतात, डबा झारीसारखा कडुनिंबाच्या फांदीला टांगला जातो. शेजारी लुगड्याच्या काठाचा मऊ फास लोंबतो, मान वर राहावी आणि गळा कापू नये एवढाच सैल. साबण म्हणजे रिठे. कानात पाणी जाऊ नये म्हणून सरकी काढलेला कापूस, आणि कापूस आपल्या गावात कोणाला विकत घ्यावा लागतो? बारीक फणी केसात अडकेल म्हणून तू एक सोडून एक दात मोडलास. बाबांची झिजून बाद झालेली कात्री धार लावून आणलीस आणि तिच्या मुठीला लाल धागा गुंडाळलास. आता विलायती मासिकात अशा टेबलांची चित्रं येतात. मी ती बघते आणि तुझ्या बाजेपुढे मला ती चोरलेली वाटतात.

मग इंजिनिअरच्या बायकोला कुत्रा घेऊन बोलावलंस, आणि पहिलाच दिवस तुझा फसला. तू आधी पाणी घातलंस, मग फणी. भिजल्याबरोबर केसांच्या गाठी आवळून घोंगडीसारख्या झाल्या, आणि एक बाजू पार कापून काढावी लागली. इंजिनिअरची बायको बघतच राहिली. मग म्हणाली, ‘एका बाजूनं आमचा आहे, एका बाजूनं तुमचा.’ तू म्हणालीस, ‘पुढच्या खेपेले दोन्ही बाजूनं तुमचाच दिसन. आधी फणी, मंग पाणी. मले आता समजलं.’ आणि ती पुन्हा आली, हे विशेष. मग डॉक्टरचा कुत्रा आला, जंगलखात्याच्या साहेबाचा आला. यवतमाळातले सगळे सरकारी कुत्रे आपल्या परसात रांगेत बसून गेले.

बातमी दुकानात पोचली ती कापसाच्या एका अडत्याच्या कानावर. कान त्या वेळी बाबांच्याच हाताखाली होता. ‘कात्री तेच हाय काय?’ असं ओरडून तो उठला. डावी बाजू कापलेली, उजवी तशीच. टोपी घातली आणि गेला. त्याच्या मागून दुकानातले बाकीचेही गेले. दुसऱ्यानं अर्धवट सोडलेलं डोकं गावातला कोणताही कारागीर हातात घेत नाही, हे त्याच्या ध्यानात नंतर आलं. त्या उन्हाळ्यात अर्ध्यावर कापलेला तो दुसरा.

खुर्ची रिकामीच राहिली. बाबा दिवसभर आरसा पुसायचे. घरी येऊन म्हणाले, ‘बंद कर ते. आपलं दुकान बसून राह्यलं, दिसत नाई काय तुले?’ दुसऱ्या दिवशी पदर खोचून तू सरळ दुकानात शिरलीस, मी तुझ्यामागे. समोरच्या चहाच्या टपरीवर अडत्या टोपी दाबून बसलेला. तू बाबांची कात्री आणि लाल धाग्याची कात्री फळीवर शेजारी शेजारी ठेवलीस आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोललीस.

‘पाहून घ्या. लाल धाग्याची कुत्र्याची, बिनधाग्याची माणसाची. कुत्र्याची कात्री दर खेपेले उकळल्या जाते. एकाची खरूज दुसऱ्याले नाई लागली पाह्यजे.’

अडत्या रस्ता ओलांडून आला. दोन्ही कात्र्या उलट्यापालट्या करून बघितल्या. ‘आन् आमची?’

‘ते यायले विचारा,’ म्हणून तू बाबांकडे बोट दाखवलंस.

बाबांनी आरशाकडे तोंड केलं. पण आरशातही तेच होते.

अडत्या खुर्चीत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘मले लाल धाग्याचीच लावा.’

‘नाई शेठ,’ तू म्हणालीस, ‘ते कुत्र्यायची हाय. त्यायले चालन नाई.’

टपरीवर पहिला कोण हसला माहीत नाही. शेवटी हसले ते बाबा. त्याच टपरीवरून उकळतं पाणी मागवलं गेलं, कात्री त्यात पडली, आणि अडत्याची उजवी बाजू डावीला मिळाली. पुढे दुकानात कायमचा स्टोव्ह आला, आणि लोक खुर्चीत बसण्याआधी पातेल्यातल्या वाफेकडे बघायला शिकले. परसातली बाज तशीच चालू राहिली. बाबांनी पुन्हा बंद करायचं नाव काढलं नाही. उलट धार लावायला न्यायच्या कात्र्यांमध्ये ते तुझीही न्यायला लागले, न सांगता.

मला कोणी विचारलं, तुमच्या आई काय करायच्या, तर मी सांगते, कुत्रे भादरायची. आणि समोरचा हसायच्या आत त्याच्या डोक्याकडे एकदा नीट बघते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, कारण तुझ्याकडे टपाल जात नाही आणि दुसऱ्या कोणी वाचलेलं मला चालायचं नाही. शिवाय यात एक गोष्ट आहे जी लोकांना कळायला नको. तू बाजेपाशी हाक मारायचीस तेव्हा मी अभ्यासाचं सांगून खिडकीआड बसायची. अभ्यास नव्हता, माय. मला कुत्र्यांची भीती वाटते. अजून वाटते.