रिकामा ताबा

ता. ४ फेब्रुवारी

ती. अक्कास भावाचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद खर्ची घालतोय. वडिलांचं घर आपल्या दोघांच्या नावावर आहे. खाली तू राहतेस, वर भाड्याने ती शिवणवाली बाई. माझ्या वाट्याला काय, तर छप्पर गळतंय ही बातमी! हमरस्त्याजवळची जमीन मी ठरवली, इसारही दिला. आपल्या घराला गिऱ्हाईक आहे, पण भाडेकरूसकट नको म्हणतो, रिकामा ताबा हवा. तुझी सोय लहानशा फ्लॅटमध्ये करू. बाईला महिनाअखेर जायला सांग. तुला जमत नसेल तर मी येतो. माझी जीभ तुझ्याइतकी भिडस्त नाही.

मुलांचा नमस्कार.
तुझा भाऊ

ता. ११ फेब्रुवारी

चि. भाऊस आशीर्वाद. मोठी आहे, द्यावाच लागतो.

तुझी जमीन बसने जाऊन पाहून आले. तिथे पोचायला शेजाऱ्याच्या जागेतून जावं लागतं. तो मालक भेटला. वाट त्याची आहे आणि कुणाला लिहून देणार नाही, असं तोंडावर म्हणाला. तू काय पंख लावून उतरणार आहेस? आधी रस्त्याचं कागदावर घे, मग उड्या मार.

राहता राहिली बाई. तिचा करार नुकताच नवा केलाय, त्यावर तुझीही सही आहे. मुदतीआधी काढायला कारण लागतं. हाव सुटली हे कारण चालतं का, वकिलाला विचार. माझ्या ऑपरेशनच्या वेळी उशाशी बसली ती हीच. तू फुलं पाठवलीस, तीही सुकून पोचली.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे. तुझ्याकडे तो मुळातच जास्त आहे, म्हणून मागत नाही.
अक्का

ता. २ मार्च

अक्का, नमस्कार गृहीत धर.

काल आलो होतो, तू शाळेत शिकवायला गेली होतीस. वायरमन नेऊन वरच्या मजल्याची वीज तोडली. मालक मीही आहे. बाई म्हणाली, गिऱ्हाइकांचे कपडे अडलेत. मी म्हटलं, खिडकीत बसून शिवा. रस्त्याचं दलाल बघून घेईल, तू माझी गुरू होऊ नकोस.
भाऊ

ता. ९ मार्च

भाऊ,

मी घरी आले तेव्हा बाई जिन्यात अर्धवट शिवलेला झगा मांडीवर घेऊन बसली होती. आत दिसत नव्हतं म्हणून. मी माझ्या स्वयंपाकघरातून वर वायर ओढली. ती म्हणाली, तिच्यापायी बहीण-भावात वैर नको, बेकरीमागे दोन खोल्या बघितल्यात. मी तिच्यावर ओरडले, वेडी म्हटलं. ती शांतपणे मशीनचं डोकं उतरवत राहिली.

हमालाबरोबर मशीन टेंपोत चढवताना मी विचारलं, दुसरी खोली कुणाला देणार? तिला वाटलं थट्टा करतेय. काल मी माझं कपाट आणि पलंग तिकडे हलवला.

घर रिकामं आहे, वर आणि खाली. चाव्या किराणावाल्याकडे. विकायला माझी सही लागते, ती मिळणार नाही.
अक्का

ता. ३० मार्च

ती. अक्कास सा. न.

सहीविना गिऱ्हाईक गेलं. जमिनीच्या शेजाऱ्याने वाटेवर तारेचं कुंपण घातलं, दलाल फोन घेत नाही. खूश झालीस ना? मी आलोय इथे. बोललं की खोल्यांतून आपलाच आवाज परत येतो. शेजारी मला बघून दार लावतात. झालं गेलं, परत ये. बाईलाही आण, माझी हरकत नाही. पाण्याची मोटर कुठून सुरू करायची तेवढं कळव.
भाऊ

ता. ४ एप्रिल

चि. भाऊस आशीर्वाद.

मोटरचं बटण मोरीच्या दाराआड आहे. टाकी भरली की बंद कर, आपोआप होत नाही.

बाईला तुझा निरोप सांगितला. तिने दोरा दाताने तोडला आणि पुढचं कापड मशीनखाली घेतलं. माझंही उत्तर तेच समज.

रिकामं घर सडतं, तेव्हा दोन्ही मजले भाड्याने दे. आधी वीज जोड. आणि जाहिरात देशील त्यात, मालक सोबत राहत नाहीत, असं आवर्जून लिही. भाडेकरू लगेच मिळतील.
अक्का