चाक आता नीट फिरतं

भिंगार,
मंगळवार

प्रिय सुकन्या,

तुझी आई बरी आहे. सकाळी गुडघा आखडतो, पण डॉक्टरांच्या गोळ्या घेत नाही, निरगुडीचा पाला बांधते. मागच्या दारचा शेवगा यंदा लगडलाय. शेजारचे भाऊसाहेब रोज दोन शेंगा मागून नेतात आणि रोज सांगतात की त्यांना शेंगा आवडत नाहीत. तू पुण्याला पॉलिटेक्निकात शिकवायला लागलीस, त्याला आठ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला मी एकही पत्र लिहिलं नाही. लष्कराच्या इमारतींत पस्तीस वर्षं वायरमनचं काम केलं, तिथं पाना-पक्कड जास्त आणि पेन कमी. अक्षर समजून घे.

सांगायचं हे की माझं चाक आता नीट फिरतं. तेच, सायकलच्या रिमवर लोहचुंबक चिकटवलेलं. चुंबक कॉइलसमोरून गेला की ट्रान्झिस्टर क्षणभर चालू होतो आणि चाकाला पुढं ढकलतो. तो बंद होताना कॉइल जो झटका मारते, तो डायोडमधून दुसऱ्या बॅटरीत जातो. म्हणजे एक बॅटरी चाक फिरवते आणि दुसरी भरत राहते. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहितोय, कारण हे चाक समोर ठेवून आपण दोघं शेवटचं बोललो त्याला दोन वर्षं झाली.

शाळेतल्या त्या विज्ञान प्रदर्शनात मी छाती फुगवून उभा होतो. पहिल्या बॅटरीतून जेवढं जातं त्याहून जास्त दुसरीत येतं, असं मी सगळ्यांना सांगत होतो. तू मीटर लावलास आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलंस, "आप्पा, ही दुसरी बॅटरी घरून भरून आणलीय का?" तू हळू विचारलंस आणि मी मोठ्यानं उत्तर दिलं. म्हणालो, शिकलेल्या लोकांना हातानं केलेलं पटत नाही, माझ्या लेकीला मीटरसुद्धा नीट लावता येत नाही. लोक हसले. तू मीटर टेबलावर ठेवलास, "माझंच चुकलं असेल" म्हणालीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. घरी आल्यावर तुझ्या आईनं एवढंच विचारलं, "लेकीला खोटं पाडून चाक फिरवायचं व्हय?" मी तिच्याशी आठ दिवस बोललो नाही.

तेव्हापासून मी बिघाड शोधत होतो. चाक फिरायचं, पण दुसरी बॅटरी भरायची नाही. ट्रान्झिस्टर इतका तापायचा की बोट लावता यायचं नाही. तीन ट्रान्झिस्टर बदलले. चुंबकांची तोंडं तपासली. कॉइल उसवून दोन्ही तारा पुन्हा मोजून गुंडाळल्या. त्यात माझा अख्खा श्रावण गेला. ट्रान्झिस्टरला जोडलेला छोटा निऑन दिवा मात्र लुकलुकत राहायचा, आणि मला वाटायचं, वा, केवढी शक्ती निघतेय. खरं तर तो सांगत होता की झटक्याला बॅटरीकडं जायला वाट नाही. गेल्या महिन्यात लाकडी काडीनं एकेक जोड दाबून पाहिला. डायोडच्या पायाशी काडी टेकली आणि निऑन विझला. तिथली सोल्डरची झाळ कच्ची होती. वरून चकचकीत, आतून सुटलेली. पस्तीस वर्षं झाळकाम केलेल्या माणसाची ही झाळ. पुन्हा डाग दिला आणि दुसरी बॅटरी भरायला लागली. भाऊसाहेब म्हणाले, "रंगनाथराव, आता तर कायबी बिघाड न्हाई ना?" मी म्हणालो, नाही.

आणि तिथंच माझी पंचाईत झाली, सुकन्या. बिघाड होता तोवर सगळं त्याच्यावर ढकलता येत होतं. मग मी स्कूटरच्या दोन सारख्या बॅटऱ्या घेतल्या. भरलेल्या बॅटरीवर छोटा दिवा थेट लावला, तो नऊ तास चालला. तीच बॅटरी पुन्हा भरली, चाकातून रिकाम्या दुसरीत उतरवली आणि तिच्यावर तोच दिवा लावला. साडेतीन तास. बॅटरी जुनी असेल म्हणून अदलाबदल करून पाहिली. पावणेचार तास. अकरा दिवस हेच केलं. चाक सुरेख फिरतं, अजिबात आवाज नाही, आणि अर्ध्याहून जास्त वीज वाटेतच खातं.

शनिवारी शाळेच्या बाईंनी पुन्हा प्रदर्शनाला बोलावलं होतं. गेलो, चाक फिरवलं आणि हे आकडे फळ्यावर लिहिले. एका मुलीनं विचारलं, "मग आजोबा, हे बनवलं कशाला?" मग जे आजवर तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी पहाटे उठून ती दुसरी बॅटरी घरच्या चार्जरवर भरली होती. चाकात बारीकसा बिघाड आहे, तो निघेपर्यंत एक दिवस भागवू, असं मनाला समजावलं होतं. माझ्या लेकीनं ते ओळखलं, आणि माझी लाज राखायला स्वतःची चूक कबूल करून निघून गेली. बाई म्हणाल्या, हे तिला कळवलंत का? नाही, असं म्हणायला मला फार जड गेलं. म्हणून हे पत्र. तू रविवारी आईला फोन करतेस तेव्हा मी ओट्यावर जाऊन बसतो, तिचं तुझ्याशी बोलणं ऐकू येईल इतक्याच अंतरावर. या रविवारी मी आत असेन. तुला वाटलं तर आईला फोन माझ्याकडं द्यायला सांग. नाही वाटलं, तरी मी तिथंच बसलेला असेन.

तुझाच,
आप्पा