नाना घरमाच शेतस

॥ श्री ॥
धुळे, ता. ६ जानेवारी १९९८

ती. बेबाअक्कास शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझी भावजय भागाबाई तिळाचे लाडू करायला बसली आहे आणि मी डब्याशेजारून हलत नाही, अशी तक्रार गल्लीभर करते आहे.

बातमी मात्र गोड नाही. केबलवाल्या शेठचा शाळेत फोन आला होता. त्याने लाइन विकली. मार्चअखेर आपली मालिका बंद. पाच वर्षं झाली, अक्का! लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा घेऊन युसूफ तुझ्या ओसरीवर उभा राहिला, तेव्हा मी लिहायचं आणि तू नानी व्हायचं, ही महिनाभराची गंमत वाटली होती.

आता शेवट कसा करायचा, या विचाराने झोप उडाली आहे. पाच वर्षं नाना आतल्या खोलीत. जावई येवो, पुढारी येवो, नाना घरातच आहेत, असं नानीने आपल्या अहिराणीत सांगायचं, ‘नाना घरमाच शेतस’, आतून खोकला यायचा आणि पाहुण्याची पळापळ. आपल्या दाजींनी तो खोकला किती हौसेने दिला होता! ते गेल्यावरही युसूफ त्याचीच टेप वाजवतो. पण नाना अजून कोणी पाहिलेला नाही, आणि आता तो दाखवला नाही तर लोक म्हणतील, मास्तरने फसवलं. एरंडोलला एक निवृत्त तलाठी आहेत, नाटकातले, मिशा रुबाबदार. त्यांना दारातून बाहेर काढू. तुझं काय मत?

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
निंबा

॥ श्री ॥
जळगाव, ता. १५ जानेवारी १९९८

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

तलाठ्याच्या मिशा वाचल्या आणि तुझं पत्र फळीवर उलटं घालून ठेवलं. माझ्या आतल्या खोलीतून परका माणूस बाहेर येणार नाही. बाकी काय हवं ते लिही.

शूटिंगच्या दिवशी मी कुंकू लावते, हिरव्या बांगड्या भरते आणि संध्याकाळी उतरवते. लोक नावं ठेवतात, ते मला ठाऊक आहे. पण तेवढा दिवस मी सवाष्ण असते, निंबा. मालिका संपली की तोही दिवस गेला. मला दुसऱ्यांदा रडायचं आहे, एवढं ध्यानात ठेवून शेवट लिही.

आणखी एक सांगायचं राहिलं आहे. परवा युसूफ चहा पिताना सहज म्हणाला, की बाई, तुम्ही खोकायला माणूस झकास शोधलात. मी म्हटलं, कसला माणूस? तेव्हा कळलं, त्यांच्या खोकल्याची टेप दिवाळीतच मशीनमध्ये गुरफटून तुटली. त्याला वाटलं, मी आत कोणाला तरी बसवते. मला वाटत होतं, तो टेपच वाजवतो. तेव्हापासून आठ भाग झाले आणि आठही भागांत खोकला आहे. खोलीला दार एकच, खिडकीला गज. युसूफचा चहा बशीतच राहिला. मला मात्र भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

भागाबाईस आशीर्वाद. लाडू पाठवायचे तर तुझ्या हाती देऊ नको म्हणावं.
तुझी,
अक्का

॥ श्री ॥
धुळे, ता. २८ जानेवारी १९९८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

युसूफकडून आठही भाग मागवून पाहिले. आधी वाटलं, शेजारच्या घरातला आवाज असेल. पण दाजी दोनदा खोकून मग घसा साफ करायचे, ते मला ओळखू येतं. वैद्याच्या भागात तर खोकला मी लिहिलाच नव्हता. तिथे वैद्य खोटं बोलतो आणि आतून खोकला येतो. मी मास्तर माणूस, भुताखेतांवर वर्गात मुलांना हसतो. तरी कॅसेट बंद करून अंगणात जाऊन बसलो.

मला तुझी काळजी वाटते. मालिका संपली की इकडे राहायला ये. हट्ट करू नकोस.

तलाठी रद्द. नवा शेवट असा: नानी बंद दारासमोर उभी राहते आणि आजवर ‘अहो’शिवाय बोलली नाही, ती पहिल्यांदा नवऱ्याला नावाने हाक मारते. नाव मी रुपचंद ठेवलं आहे. युसूफ दोरीने दार उघडेल. पडद्यावर एका बाजूला दाराची उघडी फळी, दुसऱ्या बाजूला तुझा चेहरा. नाना दाखवायचाच नाही. तुझ्या तोंडावर तो लोकांना दिसला, म्हणजे झालं. तुला जमेल ना?

उत्तराची वाट पाहतो. जिवाला जप.
तुझा,
निंबा

॥ श्री ॥
जळगाव, ता. ३१ मार्च १९९८

चि. निंबास अनेक आशीर्वाद.

परवा रविवारी शेवटचा भाग लागला. आधी शूटिंगचं सांगते. दारासमोर उभी राहिले, पण तोंडातून रुपचंद निघेना. परक्याला कशी हाक मारू? मग मी त्यांचंच नाव घेतलं. सुपडू. एकतीस वर्षांच्या संसारात ते उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. युसूफने दोरीला हात लावायच्या आत दार उघडलं. आत पलंग, भिंत, कोणी नाही. खोकलासुद्धा नाही. मी बघत राहिले आणि युसूफने तो चेहरा घेतला. वाटलं, गेले ते.

रविवारी शेजारी मंजुळाबाईंकडे पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. पडद्यावर दार, माझा चेहरा, आणि संपलं. तर बाया टाळ्या वाजवायला लागल्या! मंजुळाबाई म्हणाल्या, नाना बाकी शोभले, खांद्यावरचा टॉवेल थेट तुमच्या मालकांसारखा. काल भाजीबाजारात तिघांनी विचारलं, नानाचं काम कोणी केलं. पाच वर्षांचं सार्थक झालं म्हणाले.

निंबा, साऱ्या जळगावला दिसले आणि मला नाही. हाक मी मारली होती. मला भीती नाही, राग आला आहे, आणि रडू थांबत नाही. कॅसेट पाठवते आहे. तू बघ, आणि ते माझ्याकडे बघत होते का, एवढंच कळव.

तुझी,
अक्का

॥ श्री ॥
धुळे, ता. ८ एप्रिल १९९८

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

कॅसेट काल दुपारी लावली. तुला खोटं लिहिणार नाही. मला तुझा चेहरा दिसला, उघडी फळी दिसली, बाकी काही नाही. तीनदा पाहिलं.

पहिल्या वेळी भागाबाई शेजारी लसूण सोलत बसली होती. तुझ्या पत्राबद्दल मी तिला एक अक्षर बोललो नव्हतो. दार उघडलं तशी ती लगबगीने उभी राहिली आणि दाजी घरात आले की घ्यायची तसा डोक्यावरून पदर घेतला. मग तुझा प्रश्न मी तिला विचारला.

ती म्हणाली, दाजी थेट अक्कांसमोर येऊन उभे राहिले. सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होते. पण अक्का त्यांच्या खांद्यावरून आत, रिकाम्या खोलीत बघत राहिल्या, आणि बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं.

हे कळवू की नको, म्हणून रात्रभर तळमळलो. उद्या सकाळच्या गाडीने तुला न्यायला येतो आहे.

तुझा,
निंबा