गाडीची काच

आई, तुह्या लेकीचा जयभीम.

मले मधमाशा डसल्या. ओठ सुजले, फोनवर बोलता येत नाही, म्हणून वडनेरवरून हे पत्र. भिऊ नको. इंजेक्शन झालं, डावा डोळाही आता अर्धा उघडते. तुह्ये गुडघे कसे आहेत?

सोमवारी मी ड्युटीवर एका शेतात कपाशीवरची कीड पाहून राह्यली होती. तुमी माह्यासाठी पसंत केलेले चंद्रशेखर तिथंच मले भेटाले आले, नव्या गाडीत. तेवढ्यात कडुलिंबावरचं आग्यामोहोळ उठलं. तिथं तण निंदणाऱ्या सिंधूताई सत्तरीच्या. त्याईले माह्या ओढणीत घेऊन मी गाडीकडं पळाली, काच ठोकली. साहेब आतूनच हातानं सांगे, तिकडं जा. अन् दुसऱ्या हातानं आमचा व्हिडिओ काढे.

तो व्हिडिओ आता त्याच्या स्टेटसला आहे. खाली लिहिलं, 'मरता मरता वाचलो.' एक माशी डसली नाही त्याले.

अन् हे स्थळ आणणाऱ्या गुलाबकाकानं पहिला फोन त्यालेच केला, जावईबापू बरे आहेत ना म्हणून. मले दुसऱ्या दिवशी विचारलं, तोंडावर डाग तर राहणार नाही ना.

सिंधूताईनं स्वतःच्या अंगातले काटे तसेच ठेवले अन् आधी माह्ये काढले. त्याईच्यासाठी तुह्या हातचं लिंबाचं लोणचं पाठवजो.

काका होकाराची वाट पाहून राह्यले असतीन. त्याईले सांगजो, पाहुण्याले कळवा, काच वर आहे तशीच राहू दे.

तुही,
समता