तुझं राहिलेलं मी करते

३ जानेवारी १९८७

आलो बाई एकदाचे! पालमहून यस्टीनं निघालो ते हाडं खिळखिळी करून घेत दुपारी पिंपळघाटला पोचलो. सामान कालच ट्रॅक्टरनं आलं होतं. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीखाली रस्ता आणि रस्त्याच्या पलीकडं गंगा. पुस्तकात तिला गोदावरी म्हणतात, इथं तसं म्हटलं की लोक पाहुणे कुठले म्हणून विचारतात. पाणी इतकं नितळ की तळाचे धोंडे दिसतात. हे तर हातातली पिशवी खाली ठेवायच्या आत पाय बुडवायला पळाले. साठी उलटली, पण अक्कलदाढ अजून यायचीच आहे.

परभणीला यांची विद्यापीठाच्या शेतावर नोकरी, माझी जिल्हा परिषदेची शाळा, आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. दहा-अकरा वर्षं त्यांचं सगळं मी काढलं. त्या गेल्या, लेकाचं लग्न झालं, गेल्या उन्हाळ्यात मी रिटायर झाले. यांना लहानपणापासून नदीकाठी राहायची हौस. मला हौस कसलीच नव्हती, फक्त पाठ टेकायची होती. आता कुणाचं काही करायचं नाही, असं ठरवूनच आलेय. दोघांचा स्वयंपाक आणि यांचा चहा, बस्स. चहाचं मात्र विचारू नये. दिवसभर आधण काही खाली उतरत नाही.

शाळेची एक कोरी वही उरली होती, तिच्यात लिहायला बसले. आता वेळच वेळ आहे.

१२ जानेवारी

दिवस कसे जातात म्हणाल, तर लोळत जातात. सकाळी कडूबाई दूध घालते आणि त्यासोबत गावाच्या सगळ्या बातम्या. मग हे गळ घेऊन काठावर बसतात. अजून एक मासा हाती लागलेला नाही, पण ऐट अशी की सगळी गंगा यांच्याच सातबाऱ्यावर आहे. कालचा पेपर आज येतो. नामांतराचं काय चाललंय ते मला मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मग न्हाव्याच्या दुकानात जाऊन भांडून येतात. आल्या आल्या चहा.

ओसरीतून डाव्या हाताला घाट दिसतो. तिथं पिंपळाखाली आसपासच्या गावांतले लोक दहाव्याला येतात. मुंडण केलेली डोकी, भाताचे पिंड, झाडावर कावळे. आधी जीव दचकायचा, आता सवय झाली. मेलेल्यांचा शेजार वाईट नाही, चहा तरी मागत नाहीत.

२० जानेवारी

आज माझ्या हातून एक गोष्ट झाली. वाईट काही नाही. तरी लिहून ठेवते.

वरच्या आळीतल्या दगडाबाईचा दहावा होता. घाटावर धुणं धुताना बसल्या जागी गेली बिचारी. नवरा सिताराम, एक अंग लुळं, कैक वर्षं बाजेवर. त्याला बाजेसकट घाटावर आणून ठेवलं होतं. मानवतहून लेक आलेला, पंडित. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. पिंपळावर समोरच बसलेला, टकामका बघतोय, पण खाली येत नाही. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून शब्द दिला की येतो म्हणतात. पंडित हात जोडून बोलत होता, आई, बापूला मी मानवतला नेतो, सांभाळतो, काही कमी पडू देत नाही. सून बोलली, नातू बोलला. शेळीला विकणार नाही म्हणून कुणीतरी सांगितलं. कावळा ढिम्म.

ऊन डोक्यावर आलं. तो म्हातारा बाजेवर कण्हायलेला, कुणाचं लक्ष नाही. मी पाण्याची घागर घेऊन गेले, त्याच्या तोंडात दोन घोट घातले. त्याचे ओठ बघून मला एकदम सासूबाई आठवल्या, आणि त्या मेलेल्या बाईची इतकी दया आली की काय सांगू. आयुष्यभर राबली आणि वरून हा उन्हातला तमाशा. मी पिंडाकडं तोंड करून म्हटलं, जा ग बाई आता, दमलीस. तुझं काय राहिलं असेल ते मी करते.

कावळा तिथल्या तिथं खाली उतरला. भातावर असा तुटून पडला की पान फाटलं.

पंडितानं माझे पाय धरले. सगळ्यांना हायसं वाटलं. एकट्या कडूबाईचा चेहरा पडला होता. काय राहिलंय ते आधी विचारायचं तरी व्हतं बाई, एवढंच ती म्हणाली आणि निघून गेली.

२५ जानेवारी

लय थकवा. ओसरी झाडली तरी कंबर मोडते. दुपारी पडले की मेल्यासारखी झोप, आणि उठावं तर आधीपेक्षा जास्त दमलेली. तळहाताला फोड आलेत. मी असं कुठलं काम केलं?

परवापासून भाकरी हातानं थापायले. जन्मभर मी परातीत थापली, आता दोन्ही हातांच्या मधे आपोआप मोठी होते, पातळ, एकसारखी. शिकले कधी? हे खूश आहेत. म्हणतात, गावच्या पाण्यानं तुझ्या हाताला चव आली. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा येऊन बसतो. भाकरीचा तुकडा टाकला तर बघत नाही. माझ्या हातांकडं बघतो.

३१ जानेवारी

यांना तीन दिवस ओकाऱ्या. मधेच बरं वाटतं, मधेच अंग गार पडतं. डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या, चहा बंद करायला सांगितलं. यांनी डॉक्टरच बंद केला.

माझ्या नखांत काहीतरी पिवळट अडकलंय. वास कडवट. हात दोनदा धुतले. दुपारचं काही आठवत नाही. चहाला दूध तापवायला ठेवलं तेवढं आठवतं, मग एकदम पातेलं घासत होते.

लुगडं नऊवारी नेसायची मला आठवण तरी आहे का? आज आरशात बघितलं तर पाचवारीचाच कासोटा मारलेला.

२ फेब्रुवारी

कडूबाईला धरून बसवलं. खरं सांग म्हटलं. आधी रडली, मग सांगितलं.

दगडाबाईनं तिला धुण्याच्या धोंड्यावर सांगितलेलं. लेकाचा भरवसा न्हाई, सून नाकाला पदर लावून उभी ऱ्हाते. मी आधी गेले तर या म्हाताऱ्याला किडे पडतील. मी त्याला आधी वाटं लावीन, मग माझं मी बघीन. घाटाच्या खाली पिवळी कण्हेर आहे, तिच्या विषारी बिया ती आणून ठेवायची. रोज ठरवायची, रोज हात आखडायचा. तशातच ती स्वतः गेली. म्हणून पंडितानं कितीही सांभाळतो म्हटलं तरी कावळा हलला नाही. त्याला कुणी सांभाळायला नको होतं तिला, वाटं लावायला हवं होतं.

सिताराम तर मानवतला गेला, मी म्हटलं.

आत हे खोकत होते. कडूबाई त्या आवाजाकडं बघत राहिली.

म्हातारा तर इथंही एक हायच, ती म्हणाली.

४ फेब्रुवारी

भात शिजवला. घाटावर जाऊन पिंड मांडला, हात जोडले. दगडाबाई, माझा शब्द परत घेते, मला ठाऊक नव्हतं, मला माफ कर.

कावळा पिंपळावर बसला होता. सकाळपासून ऊन कलेपर्यंत मी तिथं बसले. काय काय बोलले. सितारामला भेटायला जाईन, त्याचं अंथरूण धुईन, जन्मभर. माझं सोनं घे. माझेच दिवस घे.

शिवला न्हाई. भात वाळून खडे झाले.

घरी आले तर हे विचारायलेत, चहाचं काय झालं. चूल पेटवायची मला भीती वाटली. आणि त्याहून वाईट — त्या क्षणी राग आला. असा राग, की हे एकदाचे सुटले असते तर बरं झालं असतं. हा राग माझा, का तिचा? इतकी दमलेय, की मला सांगता येत न्हाई.

६ फेब्रुवारी

यांना परभणीला लेकाकडं पाठवायचं ठरवलं. माझ्यापासून लांब. पिशवी भरली. स्टँडवर गेलो तर नामांतराचा बंद, एकबी गाडी न्हाई. हे चालून इतके दमले की रस्त्यातच बसले. पाठीला हात लावून उठवलं तर सगळी हाडं हाताला लागली. कधी एवढे वाळले?

मी बोलले की आता दगडाबाईची बोली बाहेर येते. शाळेत पोरांना ज्यासाठी दटावलं तीच. यांना गंमत वाटायलीय.

माणूस चांगला हाय माझा. चहा मागतो, बडबड करतो, पण सासूबाई होत्या तेव्हा माझे पाय चेपायचा, कुणाला कळू न देता. त्याला काही व्हायला नको. बस्स, त्याला काही व्हायला नको.

७ फेब्रुवारी

दुपारी जागी झाले ती पाट्यासमोर. वरवंटा हातात. पाटा ओला, कडू वास. दोन्ही हात कोपरापर्यंत —

पाटा धुतला. घासला. पुन्हा धुतला. यांना जेवू दिलं न्हाई, मला ताप आलाय म्हणून खोटं सांगितलं. दोघं उपाशी.

खिडकीत तो.

८ फेब्रुवारी

यांना सगळं सांगितलं. हसले न्हाईत. लय वेळ माझे हात हातात घेऊन बसले. मग म्हणाले, तुझ्या अंगात काही न्हाई, तू जन्मभर दुसऱ्याचं करून करून दमलीस, एवढंच. आजपासून चूल माझी. तू आत पाऊल टाकायचं न्हाई, ओसरीत बसून वही लिहायची.

तशी बसलेय. आत भांडी पडायलीत. एकदा बोट भाजलं वाटतं, शिवी ऐकू आली. पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी रांधायलंय. रडू आलं. किती हलकं वाटायलंय. हात वहीवर हायत, डोळ्यांपुढं. इथून ते काय करणार?

पिठलं करायलेत. तिखटाचा डबा कुठला विचारलं. सांगितला.

आतून म्हणायलेत, चाखून बघितलं, जरा कडसर लागायलंय, करपलं असेल. भूक लागलीय, चालतंय.

पाटा धुतला मी. वाटलेलं कुठं ठेवलं?

कुठल्या डब्यात —

ओरडायचंय. तोंड उघडत न्हाई. उठायचंय, पाय उचलत न्हाईत. हात तेवढा लिहायलाय. मी लिहीत न्हाई, तो लिहायलाय, पेन सोडत न्हाई —

हे दारात आले. ताट घेऊन. मला लिहिताना बघून खूश झालेत. समोर बसून खातो म्हणायलेत, म्हणजे तुला बघता येईल —

भाकरी मोडली —

सोड ग बाई. हात सोड. तुझा म्हातारा न्हाई हा. माझं माणूस हाय, माझं मा